मुंबई ते न्यूअर्क: अंतर आणि उड्डाणाचे तास घरच्या घरी कसे काढावेत

जानेवारी २०१६. लेकीचं पहिलं बाळंतपण न्यू जर्सीत होतं आणि आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब निघालो होतो. आमच्या ह्यांना मधुमेह आहे, रोज ठरलेल्या वेळी इन्सुलिन घ्यावं लागतं. निघण्याआधी सांगलीत आमच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "विमानात नेमके किती तास बसणार आहात?" ह्यांनी तिकीट काढून दाखवलं. मुंबईहून निघणे रात्री २:००, न्यूअर्कला पोहोचणे सकाळी ७:३०, तारीख तीच. "साडेपाच तास," हे म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही भूगोल शिकवलाय ना? नीट काढून सांगा. डोस त्यावर ठरवायचेत."

एकतीस वर्षं मी शाळेत अक्षांश-रेखांश शिकवले, पण स्वतःच्या घरच्या गरजेसाठी ते वापरायची वेळ तेव्हा पहिल्यांदा आली. त्या रात्री वही घेऊन बसले आणि सगळं काढलं. त्यानंतर आमच्या ओळखीतल्या कितीतरी आईवडिलांना हे शिकवलं आहे. मोबाइलवर आयता आकडा मिळतो, हे मला माहीत आहे. पण तो कुठून आला हे कळलं की जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा का, तिकिटावरची वेळ कशी वाचायची, हे प्रश्न परत पडत नाहीत.

सुरुवात पृथ्वीगोलापासून करा. भिंतीवरचा नकाशा यासाठी घेऊ नका, कारण तिथेच सगळ्यांची चूक होते. आपल्या डोळ्यांना सवय असलेला सपाट नकाशा बहुतेक वेळा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. ही पद्धत १५६९ सालची, समुद्रावर होकायंत्र धरून जहाज हाकणाऱ्यांसाठी काढलेली. त्यात दिशा बरोबर येते, पण ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क (न्यूअर्क त्याच्या शेजारीच) पट्टीने सरळ रेघ ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी जाऊन अटलांटिकमध्ये उतरते. त्या वाटेने गेलं तर अंतर भरतं सुमारे १४,२४० किलोमीटर.

आता गोल घ्या. माझ्याकडे शाळेतला ३० सेंटिमीटर व्यासाचा जुना गोल आहे, निवृत्तीच्या वेळी मागून घेतला. पक्का शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर. मग दोरा हळूहळू ताणत जा. सैल असताना तो अरबस्तानावर, भूमध्य समुद्रावर पडलेला असतो. ताण वाढला की तो आपोआप वर सरकायला लागतो आणि शेवटी एका जागी घट्ट बसतो. तिथे बसल्यावर खाली काय आहे ते वाचा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोच्या जरा वरून, फिनलंडची दक्षिण बाजू, स्वीडन-नॉर्वे, चक्क आइसलंड, मग ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडाचा पूर्व भाग आणि न्यूयॉर्क. दोरा जिथे सर्वांत वर पोहोचतो, तिथे अक्षांश ६५ उत्तर असतो. मुंबई १९ वर, न्यूयॉर्क ४१ च्या आत, आणि वाट ६५ ला शिवून जाते! वर्गात हा दोरा मी दर वर्षी ताणायचे आणि दर वर्षी मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे यायची.

ही घट्ट बसलेली वाट म्हणजे बृहत्वृत्ताचा तुकडा. गोलाच्या मध्यातून जाईल असा काप घेतला तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं, ते बृहत्वृत्त. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर नेहमी त्यावरूनच जातं.

अंतर मोजायला पट्टीही नको. दोऱ्यावर दोन्ही टोकांना नखाने खूण धरा आणि तोच दोरा विषुववृत्तावर आडवा ठेवा. विषुववृत्तावर रेखांशाचे आकडे छापलेलेच असतात. एक टोक शून्यावर ठेवलं की दुसरं माझ्या गोलावर ११३ च्या आसपास येतं. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. ११३ गुणिले १११.२, झाले १२,५६६. सपाट नकाशावरच्या वाटेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर कमी, म्हणजे विमानाचे पावणेदोन-दोन तास वाचले. दोरा मात्र न ताणणारा घ्या. लोकरीच्या धाग्याने मोजाल तर उत्तर चुकेल.

ज्यांना अचूक आकडा हवा त्यांनी मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आडवा धरावा, साइन-कोसाइनची बटणं दिसतात. आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतील. नकाशाच्या ॲपवर धावपट्टीवर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दक्षिण आणि पश्चिम असेल तर पुढे उणे चिन्ह असतं. शहराचा मध्य घेऊ नका, विमानतळच घ्या. न्यूयॉर्कला तर जेएफके वेगळा, लागार्डिया वेगळा आणि न्यूअर्क शेजारच्या राज्यात. तिकिटावरची तीन अक्षरं पाहून खात्री करा: मुंबईची बीओएम, न्यूअर्कची ईडब्ल्यूआर.

मुंबई: अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व.
न्यूअर्क: अक्षांश ४०.६९ उत्तर, रेखांश ७४.१७ पश्चिम.

एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर रेखांशांची बेरीज करायची, दोन्ही एकाच बाजूचे असतील तर वजाबाकी. इथे ७२.८७ अधिक ७४.१७ म्हणजे १४७.०४. बेरीज १८० च्या पुढे गेली तर ती ३६० मधून वजा करायची. सॅन फ्रान्सिस्कोचा रेखांश १२२.३८ पश्चिम आहे, मुंबईशी बेरीज १९५.२५ होते, म्हणून १६४.७५ धरायचे.

आता पायऱ्या:
साइन १९.०९ गुणिले साइन ४०.६९ = ०.२१३२
कोसाइन १९.०९ गुणिले कोसाइन ४०.६९ गुणिले कोसाइन १४७.०४ = उणे ०.६०१२
दोन्हींची बेरीज = उणे ०.३८८०
तिचा उलटा कोसाइन (बटणावर cos⁻¹) = ११२.८३ अंश
११२.८३ गुणिले १११.२ = १२,५४७ किलोमीटर

दोऱ्याने १२,५६६ आले होते. वीसेक किलोमीटरचा फरक, तोही शिवणाच्या दोऱ्याने! पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे या सूत्राच्या उत्तरातही थोडा फरक राहतो, पण घरच्या कामाला १२,५५० धरायला काहीच हरकत नाही. एक सांभाळा: कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवलेला असावा. रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येतं आणि माणूस सूत्रावरच अविश्वास दाखवतो. आधी साइन ३० काढून पाहा. ०.५ आलं की पुढे जा.

वैमानिक नाविक मैलात बोलतात. ११२.८३ अंशांना ६० ने गुणा, ६,७७० नाविक मैल झाले. नाविक मैल म्हणजे अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. अंशाला ६० ने गुणलं की झालं, म्हणून मला हे माप किलोमीटरपेक्षा जवळचं वाटतं.

इथपर्यंत अंतर झालं. आता वेळ. लांब पल्ल्याची बोइंग ७७७ किंवा ७८७ सारखी विमानं वर पोहोचल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातात. १२,५५० भागिले ९०० म्हणजे चौदा तासांना थोडे कमी. पण तिकीट सांगतं सोळा. हे दोन तास कुठे जातात, ते कळायला हवं.

पहिलं कारण, विमान तुमच्या दोऱ्यावरून जात नाही. खाली देश आहेत आणि प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं असतं. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. २४ एप्रिल २०२५ ला ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. २०२२ मध्ये रशियाने युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. आपल्या दोऱ्याखाली पाकिस्तानही आहे आणि मॉस्कोही. त्यामुळे विमान कुठून वळून जाईल हे त्या त्या वर्षीच्या राजकारणावर ठरतं. युद्ध नसतानाही वादळं, गर्दी, ठरवून दिलेले हवाई मार्ग यामुळे थोडं वळण येतंच.

दुसरं कारण वारा, आणि खरं मोठं कारण तेच आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो. अमेरिकेला जाताना आपण त्याच्या तोंडावर जातो, परतताना तो पाठीवर घेतो. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान अशाच पाठीवरच्या वाऱ्याने ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी त्या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

बऱ्याच जणांना वाटतं, जाताना गेलेला वेळ येताना परत मिळतो, हिशेब सारखाच. तसं होत नाही. वारा वाटभर ताशी १०० किलोमीटरचा आहे असं धरा. जाताना जमिनीवरचा वेग ८००, वेळ १५ तास ४१ मिनिटं. येताना १,०००, वेळ १२ तास ३३ मिनिटं. दोन्ही मिळून २८ तास १४ मिनिटं. वाराच नसता तर २७ तास ५३ मिनिटं लागली असती. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून वारा घेतो जास्त आणि देतो कमी. नदीत होडी वल्हवणाऱ्याला हे गणित न शिकता कळतं.

वाऱ्यासाठी कंपन्या लांबची वाटसुद्धा धरतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोचं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. सुमारे १३,९०० किलोमीटरची वाट सोडून १५,३०० ची धरली, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोहोचलं. पूर्वेकडे जात असल्याने वारा पाठीवर होता. आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं, ते उत्तर ध्रुवावरून. त्या सकाळी मी नातीला व्हिडिओ कॉलवर गोल उचलून ती वाट दाखवली होती.

तिसरं कारण लहान आहे. वर चढायला आणि खाली उतरायला वेग कमी असतो, शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच.

या सगळ्याचा मी एक ठोकताळा बसवला आहे. काढलेल्या अंतरात शंभराला पाच मिळवा. पश्चिमेकडे जात असाल तर ८५० ने भागा, पूर्वेकडे येत असाल तर ९५० ने. वर अर्धा तास घाला. मुंबई-न्यूअर्क: १२,५५० चे १३,१८०, जाताना १५.५ अधिक अर्धा, म्हणजे १६ तास, येताना १३.९ अधिक अर्धा, म्हणजे साडेचौदाच्या आतबाहेर. मुंबई-लंडन सूत्राने ७,२१० येतं, त्याचे ७,५७०. जाताना साडेनऊच्या जवळ, येताना साडेआठ. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या विमानाला दोन्हीकडे ९०० ने भागा. दोन-चार तासांच्या छोट्या उड्डाणांना हा ठोकताळा लावू नका, तिथे चढण्या-उतरण्याचाच वाटा मोठा असतो. जाण्याच्या आठवड्यात फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर तुमच्या विमानाचा क्रमांक घालून मागच्या चार-पाच दिवसांत ते प्रत्यक्ष किती वेळ उडालं तेही पाहा. वळसा चालू असेल तर तिथे लगेच दिसतो.

आता तिकीट वाचायचं. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. म्हणून आधी दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा, मगच वजाबाकी करा. न्यूयॉर्क-न्यू जर्सी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा राहतो. लंडनला हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. तिथे बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो.

आमचं तिकीट: पोहोचणे सकाळी ७:३०, त्यात १०:३० मिळवले की भारतात संध्याकाळचे ६:००. निघालो रात्री २:०० ला. सोळा तास. परतीचं तिकीट: न्यूअर्कहून सकाळी ११:३०, म्हणजे भारतात रात्रीचे १०:००, मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३०. साडेचौदा तास.

एक पडताळा सांगते, तो मला फार आवडतो. तिकिटावरच्या वेळांची कसलाही फरक न धरता सरळ वजाबाकी करा. जाताना साडेपाच तास, येताना पंचवीस तास. दोन्ही चुकीचे. पण बेरीज करा: साडेतीस. आणि खरे तास, सोळा अधिक साडेचौदा, तेही साडेतीस! घड्याळाचा फरक जाताना जेवढा वजा होतो तेवढाच येताना मिळतो, म्हणून बेरजेत तो उरतच नाही. जाणं आणि येणं यांच्यामध्ये घड्याळबदलाचा रविवार आला तर मात्र एक तासाचा फरक पडेल, तेवढं लक्षात ठेवा.

तारखेबद्दल कळकळीने सांगते. मध्यरात्रीनंतरची विमानं आपल्याकडे खूप आहेत. आमचं तिकीट १५ तारखेच्या रात्री २:०० चं होतं. ज्यांच्याकडून काढलं त्यांनी काही समजावलं नाही, आणि आम्ही सांगलीहून १५ च्या सकाळी निघायची गाडी सांगून बसलो होतो. १२ तारखेला लेकीने फोनवर सहज विचारलं, "आई, चौदाला किती वाजता निघताय?" तेव्हा उलगडा झाला. विमान १५ चं असलं तरी विमानतळावर १४ च्या रात्री दहा-साडेदहाला हजर व्हायचं होतं, म्हणजे सांगलीहून १४ च्या दुपारी बाराच्या आत निघणं भाग होतं. पंधराला सकाळी आम्ही गाडीत बसलो असतो तेव्हा विमान निघून गेलेलं असतं. डिंकाचे लाडू वळायचे राहिले होते, ते रात्री बसून वळले. तुमच्या तिकिटावर ००:०१ ते ०३:०० मधली वेळ असेल, तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लाल शाईने लिहा: आज रात्री निघायचं.

डॉक्टरांना मी सोळा तासांचा कागद नेऊन दिला, पण त्यांनी अजून एक विचारलं: घर सोडल्यापासून लेकीच्या दारात पोहोचेपर्यंत किती? तेही काढा. सांगली-मुंबई गाडीने सात-आठ तास आणि वाटेत जेवण, विमानतळावर साडेतीन तास, विमानात सोळा, उतरल्यावर रांगा आणि सामान यात दोन, तिथून घर एक तास. तीस तासांच्या वर जातं. औषधं या तीस तासांची आणि वर एका दिवसाची हातातल्या पिशवीत ठेवा, खाली जाणाऱ्या बॅगेत नको. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या. डोस किती आणि केव्हा हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. तास काढून देणं तेवढं आपलं काम.

त्यांनी ह्यांच्यासाठी जो कागद करून दिला, त्यावर गावाची वेळ कुठेच नव्हती. "निघाल्यापासून ४ तास, ९ तास, १४ तास" एवढंच. ह्यांनी मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवलं. खिडकीबाहेर सारखा अंधारच होता, त्यामुळे किती वाजले असतील याचा अंदाज येत नव्हता. मी समोरच्या पडद्यावर विमानाचा मार्ग पाहत होते. आमचं विमान दोऱ्यापेक्षा खालून जात होतं. ग्रीनलंडचं टोक उजव्या हाताला बरंच वर राहिलं. ह्यांनी घड्याळ पाहिलं, चौदा तास झाले होते, आणि त्यांनी पिशवीतून डबी काढली.